घरचं तेल

परवा बाजारात वडे घ्यायला थांबलो. गाडीवरची बाई कढईत डोकावून म्हणाली, "दादा, तेल काळं पडलंय, बदलते. घाई असेल तर पुढं बघा." मी थांबलो. तिने ते तेल डब्यात उपसलं, कढई पुसली आणि नवं ओतलं. मला तिच्याकडे बघवेना.

माझंही हॉटेल होतं, वीस वर्षं. घरी घाण्याचं शेंगदाणा तेल यायचं. हॉटेलात कालचं तेल गाळायचं आणि त्यातच थोडं नवं ओतायचं. तेल एकदम काळं होत नाही. रोज थोडंथोडं होतं, आणि रोज बघणाऱ्याला ते दिसेनासं होतं. मला दिसलंच नाही, असं मी आजवर सांगत आलो. ते खरं नाही.

एक निवृत्त मास्तर होते, एकटे राहायचे. रोज सकाळी वडा खायला यायचे. "तेल घरचंच ना रे?" असं विचारायचे आणि मी हो म्हणायचो. पुढे ते हृदयविकाराने गेले. माझ्या तेलानेच गेले, असं कुणी म्हणणार नाही. पण एक सकाळ मला सोडत नाही. माझी मुलगी हॉटेलात आली आणि वडा मागू लागली. "घरी जाऊन खा," मी ओरडलो.

मास्तर हसले. "अरे, स्वतःच्या पोरीलाही विकतच देणार का?" आपला वडा मोडून अर्धा त्यांनी तिला दिला.

तिच्या हातातला तुकडा मी काढून घेतला. मास्तरांना त्यांचा अर्धा खाऊ दिला.