व्हय म्हाराजा

लालबागच्या आमच्या एका खोलीत आई रोज सकाळी देवापुढे गाऱ्हाणं घालते. मालवणी रिवाज असा की गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून ते काम माझं. ऐकायचं, होकार द्यायचा आणि विसरून जायचं. भिंतीपलीकडचे शेजारीही ऐकत, पण ऐकलं असं कधी कोणी दाखवलं नाही. चाळीत अब्रू अशीच टिकते.

ताई नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली, तेव्हा आई चाळभर सांगत होती, "गणपती झाले की जाईल परत." देवापुढे मात्र वेगळंच. "वेशीवरल्या राखणदारा, बंद पडलेल्या भोंग्या म्हाराजा, माज्या चेडवाक त्या घरात परत धाडू नको." मी म्हणायचे, "व्हय म्हाराजा." गिरणीच्या भोंग्याला देवांच्या रांगेत बसवणारी अख्ख्या मुंबईत माझीच आई असेल.

मला त्याचं भारी कौतुक. मी ते ब्लॉगवर लिहिलं. शहाणपणा करून लालबागचं वरळी केलं, ताईची मावसबहीण केली, नाव एकही घातलं नाही. भोंगा तेवढा ठेवला. तो काढवेना.

आठ दिवसांत ताईचा सासरा दारात उभा. लेख मोबाइलवर फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेला होता, आणि ताईच्या लग्नातल्या गाऱ्हाण्यातही आईने त्याच्यासमोर भोंग्याला हाक मारली होती. त्याने गॅलरीत उभं राहून सगळं मोठ्याने वाचलं. "संसार आईच मोडतेय, बघा." आता शेजाऱ्यांना ऐकलं नाही असं दाखवता येईना. आईवर बोल नको म्हणून ताईने बॅग भरली आणि त्याच्यामागून निघाली.

मी लेख पुसला. आई मला एवढंच म्हणाली, "मी देवाक सांगी होतंय, तुका नाय."

हल्ली मी ब्लॉगवर घावण्यांची, सोलकढीची कृती लिहिते. घरातलं एखादं वाक्य आलंच, तर ते सासऱ्याच्या आवाजात ऐकू येतं आणि मी पुसते. ताई फोनवर 'सगळं बरं आहे' म्हणते. तिचा फोन स्पीकरवर असतो.

आई अजून रोज देवापुढे उभी राहते. ओठ हलतात, आवाज येत नाही. मी बाजूला उभी असते. मला भीती वाटते, त्यात माझ्याबद्दलही काही असेल. ओठ थांबले की ती वाट बघते, आणि मी म्हणते, "व्हय म्हाराजा." कशाला, ते मला ठाऊक नसतं.