साडूंच्या कॅमेऱ्यातली तीट

स्वच्छ फोटोला घाबरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लातूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. आवाज खणखणीत, मिशी जाड आणि गळ्यात कायम डीएसएलआर कॅमेरा. जेवतानासुद्धा तो उतरत नसे. पट्टा पाठीकडे सरकवून कॅमेरा बगलेत घेत, आणि वरणाचा थेंब त्यावर सांडू नये म्हणून ताटावर वाकायच्या ऐवजी ताटच तोंडापर्यंत उचलत. झोपताना कॅमेरा हवाबंद डब्यात जाई. बुटांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या असतात ना, त्या त्यांनी चपलांच्या दुकानांतून मागून आणून डब्यात भरल्या होत्या. ज्या गावाला दुष्काळात प्यायचं पाणी रेल्वेनं आलं, त्या गावात हा माणूस कॅमेऱ्याला ओल लागेल म्हणून काळजी करायचा. मी एकदा हसलो तर म्हणाले, “हसा पाव्हणं, हसा. नांदेडात गोदावरी हाय तुमच्या, तुमाला ओलीची किंमत काय कळनार?” यात त्यांना नक्की काय म्हणायचं होतं ते मला अजून उमगलेलं नाही.

एकदा आमची दोन्ही कुटुंबं जीप करून सहस्रकुंडचा धबधबा बघायला निघाली. इस्लापूरच्या अलीकडे साडूंना झाडावर कुठलासा पक्षी दिसला. जीप थांबवली, आणि भर वाऱ्यात, फुफाट्याच्या रस्त्यावर, बोनेटवर लेन्स बदलायला घेतली. लेन्स बसेपर्यंत पक्षी उडून गेला होता आणि धुळीचा एक कण आत शिरून सेन्सरवर बसला होता. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत आभाळात उजव्या बाजूला, जरा वर, एक काळा ठिपका आला. साडू म्हणाले, “घार हाय ती.” घरी येऊन बैठकीत फोटो काढला, तर घार टीव्हीच्या वर बसलेली.

ठिपका दुकानात नेऊन साफ करायचं ठरलं होतं. पण त्याआधी माझ्या पुतण्याच्या मुलाचं बारसं आलं. साडूंनी बाळाचा फोटो काढला आणि ठिपका बरोबर बाळाच्या गालावर येऊन बसला. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर त्यांनी तो गाल मोठा करून बघितला. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. कॅमेऱ्यानंच तीट लावली लेकराला.” त्या दिवसापासून त्या कणाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

पुढे आमच्या नात्यागोत्यातल्या सगळ्या फोटोंची कळा बदलली. ठिपका उजवीकडे, म्हणून माणसाचा गाल उजवीकडे आणायचा. त्यामुळे माणसं कोपऱ्यात चेंगरलेली आणि उरलेल्या फोटोभर कूलर, नाहीतर फ्रिज, नाहीतर उघडं दार. एका लग्नात नवरीचा गाल ठिपक्याखाली आणता आणता नवरदेव फोटोतूनच बाहेर गेला. त्याच्या आईनं तक्रार केली तर साडू शांतपणे म्हणाले, “दृष्ट कुनाला लागंल? तुमच्या पोराला का सुनंला? खरं सांगा.” त्यातून लेन्सचं छिद्र बारीक केलं तरच तो ठिपका ठळक उमटतो, हे साडूंनी शोधून काढलं होतं. छिद्र बारीक केलं की उजेड कमी पडतो आणि फोटोला वेळ लागतो. म्हणून ते सगळ्यांना भिंतीसारखं उभं करत. “हलून ऱ्हायले कशाला? श्वास धरा की!” असं ओरडत. आमच्या घरातल्या एकाही फोटोत कुणी हसताना दिसत नाही, सगळे श्वास धरून बसलेले आहेत.

या सगळ्याला आम्ही हसायचो, पण साडूंच्या समोर पोट धरून कुणी हसलं नाही, कारण त्यामागचं कारण घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. भूकंपाच्या आधी साडू किल्लारीजवळच्या एका खेड्यात राहत. त्यांना दीड वर्षाची मुलगी होती. भूकंपाच्या आठवडाभर आधी ते तिला घेऊन लातूरला स्टुडिओत गेले. फोटोवाला म्हणाला, गालावरची तीट पुसा, फोटोत डाग येईल. साडूंनी ती पुसली. मग भूकंपाच्या पहाटे घराचं माळवद, मातीचं जड छत, खाली आलं. साडू आणि माझी मेहुणी वाचले, मुलगी वाचली नाही. नंतर कधीतरी तो फोटो हातात आला. लेकरू गोजिरवाणं, गाल एकदम स्वच्छ.

“भूकंप जमिनीखालचे थर सरकले की होतो,” साडू मला एकदा म्हणाले होते. “मी पोरान्ला शिकिवतो ना हे. फळ्यावर चित्र काढून शिकिवतो. तिटीनं का भूकंप थांबतोय? न्हाई थांबत. पर पाव्हणं, म्या पुसायला नको व्हती.” कॅमेरा साफ करून आणा, असं मेहुणीही कधी म्हणाली नाही.

भूकंपानंतर कैक वर्षांनी त्यांना दुसरी मुलगी झाली. ती वाढली तोवर लातूर पार बदललं होतं. गल्लीगल्लीत क्लास, मेस, होस्टेल, आणि चौकाचौकात पास झालेल्या पोरांच्या चेहऱ्यांचे फलक. पोरगी हुशार, मेडिकलला नंबर लागला. क्लासचे सर पेढे घेऊन घरी आले आणि म्हणाले, मुख्य चौकात मोठ्ठा फ्लेक्स लावतोय, तुमच्या मुलीचा फोटो सगळ्यांत वर. सगळ्यांना आनंद झाला आणि साडूंचा चेहरा मात्र उतरला. एवढ्या मोठ्या चौकात येणारा जाणारा प्रत्येक माणूस आपल्या पोरीकडे मान वर करून बघणार, या विचारानं त्यांना घास गोड लागेना. शेवटी फोटो आपण स्वतःच काढणार, या अटीवर ते तयार झाले. ठिपका त्यांनी पोरीच्या गालावर असा नेमका बसवला की खुद्द आईच्या बोटानं लावल्यासारखा वाटावा. फोटो देताना क्लासवाल्याला तीनतीनदा बजावलं, “डाग काढू नका सर. हात जोडतो.”

फ्लेक्स लागला त्या दिवशी मी लातुरातच होतो. आम्ही दोघं चौकात गेलो आणि वर बघितलं. पोरगी दुधानं धुतल्यासारखी स्वच्छ. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर ठिपका पुसून टाकला होता. साडूंनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला आणि लेन्समधून तो गाल पुन्हा एकदा बघून घेतला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, ते कुठूनशी शिडी आणि काळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. मला म्हणाले, “धरा.” मी धरली. खाली फळांचा गाडा लावणारे एक म्हातारे चाचा आमच्याकडे बघत होते. साडू वर चढले, डब्यात बोट बुडवलं आणि पोरीच्या गालावर टेकवलं. पण तो चेहरा माणसापेक्षा उंच, बोटाची तीट कुठं दिसणार? मग त्यांनी अख्खा तळहात बुडवला आणि लावला. मी म्हणालो, “झालं, उतरा आता.” ते उतरेनात. शेजारच्या, हिजाब घातलेल्या मुलीच्या फोटोकडे बघत होते. खाली नाव होतं, देगलूरच्या बागवानांची पोरगी.

“हिचं काय?” ते वरून म्हणाले. “हीबी कुनाचं तरी लेकरूच हाय की. पर तिच्या घरच्यांला चालंल का?”

चाचांनी हातातलं डाळिंब खाली ठेवलं. “लगाओ गुरुजी,” ते म्हणाले. “नजर तो सबकू लगती.”

साडूंनी लावली. मग तिच्या पलीकडच्या मुलाला लावली, मग उदगीरच्याला, मग खालच्या ओळीतल्यांना. मी शिडी सरकवत होतो, ते हात बुडवत होते. चौकात माणसं थांबायला लागली. सर आता येतील, पोलीस येतील, अशी मला धास्ती. दुसऱ्या दिवशी सरांनी या सगळ्याचं खापर समोरच्या क्लासवर फोडलं आणि दोन क्लासांत महिनाभर जुंपली, ही गोष्ट वेगळी. शेवटी साडू खाली उतरले, घामानं निथळत, कोपरापर्यंत काळे.

आता मी देव, दृष्ट, यातलं काही मानत नाही. बँकेत आयुष्य काढलेला माणूस मी. पण निघता निघता वर बघितलं आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, “अहो थांबा, तो कोपऱ्यातला राहिला! कंधारचा!”

सगळ्यांत खाली, कडेला, तळहाताएवढा फोटो होता त्याचा. बिचाऱ्याला मार्क जरा कमी पडले असावेत. कुणाचा कोण, आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण त्याला तसाच सोडून मला तिथून हलवेना. साडू माझ्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

“ह्याला बोट पुरंल,” ते म्हणाले. डब्याच्या कडेला बोट निपटून घेतलं, आणि झोपलेलं लेकरू जागं होऊ नये अशा बेतानं त्याच्या गालाला टेकवलं.