क्विनोआच्या रानातली हाक

क्विनोआच्या रानात पाखरू बसत नाही, हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

राणीसावरगावच्या वरच्या अंगाला आमचा मुरमाड माळ आहे. करडई आणि हुलग्याशिवाय तिथं कधी काही धड आलं नाही. वडील गेल्यावर तो माझ्याकडे आला. मी गंगाखेडला शाळेत विज्ञान शिकवते. एका शेतकरी मेळाव्यात ऐकलं, की दक्षिण अमेरिकेच्या उंच डोंगरांवर, दगडात आणि गारठ्यात, लोक क्विनोआ नावाचं धान्य पिकवतात. पाणी थोडं लागतं आणि प्रथिनं भरपूर. आत्याला साखरेचा आजार, तिलाही चालेल म्हणाले. दिवाळीनंतर मी पेरून टाकलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर वारला, तेव्हापासून ती आमच्याकडेच. पिकाची कोवळी पानं बघून ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोरी, पैसे देऊन तण पेरलंस व्हय? हे तर चाकवत दिसायलंय."

संक्रांतीपर्यंत झाडं छातीला आली. कणसं राजगिऱ्यासारखी, काही जांभळी, काही रक्तासारखी लाल. आजूबाजूच्या ज्वारीत पाखरांचे थवे उतरत होते, गोफणी फिरत होत्या, लोक डबे बडवत होते. आमच्या बांधाशी आले की थवे वळायचे. दाण्याच्या सालीत कडू द्रव्य असतं म्हणून पाखरं खात नाहीत, हे मी वाचून घेतलं आणि आत्याला समजावलं. तिनं मान डोलावली, पण म्हणाली, "येवढं गप रान मी जन्मात बघितलं न्हाई."

तरी ती रोज जेवण करून माळावर जायची. तिचं सगळं लहानपण लोकांची ज्वारी राखण्यात गेलं होतं. उभं पीक सोडून घरात बसणं तिला जमत नसे.

एका दुपारी ती परत आली आणि चप्पल न काढताच तिनं विचारलं, "राखणीला कुणाला ठेवलंस?"

"कुणालाच नाही."

"मग ती बाई कोन हाय? रानात पाखरं हाकारायलीय."

मला वाटलं, साखर कमी झाली असेल. तिला बसवून खायला दिलं.

पुढच्या रविवारी ती न जेवताच गेली, म्हणून मी स्वतः तिचा डबा घेऊन गेले. ऊन डोक्यावर होतं. बांधावर पाय ठेवला आणि हाक ऐकू आली, "होऽऽ हाऽऽ होऽऽ." बाईचा आवाज, लांबवलेला, शेवटी थोडा चिरकणारा. आत्याच असणार म्हणून मी आवाजाच्या दिशेनं पिकात शिरले. क्विनोआच्या पानांवर पिठासारखी भुकटी असते, ती हातांना, पदराला लागत होती. मी चालत होते आणि आवाज तेवढाच पुढे सरकत होता. शेवटी मी खालच्या बांधावर निघाले.

तिथं गावातले मेंढरं राखणारे एक मामा उभे होते. त्यांची मेंढरं एकमेकांत तोंडं खुपसून थांबली होती. एकही चरत नव्हतं.

"ताई, आत्याबाईला सांगा, नका वरडू म्हणावं. जित्राब बुजायलंय."

"सांगते," म्हणून मी वळले. माळाच्या वरच्या टोकाला कडुलिंबाखाली आत्या बसलेली दिसली. तांब्या वर करून ती पाणी पीत होती. आम्ही दोघं तिच्याकडे बघत असतानाच पिकाच्या मधून हाक आली. एकही कणीस हललं नाही.

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. "एक नारळ फोडा ताई," एवढंच म्हणाले आणि मेंढरं हाकलत निघाले.

मी धावत आत्याकडे गेले. मामांचं बोलणं सांगितलं. ती रागावली. "बुद्धवंदना म्हणणारं घर हाय आपलं. नारळ-लिंबू आपल्यात न्हाई. माणूस असंल तर बोललं की समजंल त्याला."

मग तिनं जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ती पोर असताना या माळाखालच्या ज्वारीच्या बांधावर बसायची. पलीकडच्या पट्टीत दुसरी एक पोर राखणीला असे. ज्वारी उंच, त्यामुळं दोघींनी एकमेकींचं तोंड कधी बघितलं नाही. ही हाक द्यायची, ती उत्तर द्यायची. अख्खी सुगी असंच. एक दिवस उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकानं तिच्या जागी भलत्याच कुणाला बसवलं. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि पोरीचं नावच माहीत नसल्यानं हिला विचारताही आलं नाही.

"तीच हाय," आत्या म्हणाली. "शेवटाला असाच चिरकायचा तिचा आवाज."

ती उठली, पिकाच्या कडेला गेली आणि मोठ्यानं बोलली, "अगं, इथं पाखरं येत न्हाईत. कडू हाय दाणा. लय दमलीस. बस आता."

आम्ही ऊन कलेपर्यंत थांबलो. हाक आली नाही. आत्या मात्र घरी येताना सारखी मागं वळून बघत होती.

फाल्गुनात कापणी झाली. दाणे खसखशीहून थोडे मोठे. कडूपणा जायला ते पाण्यात चोळले, तर साबण नसताना घमेलं भरून फेस वर आला. आत्यानं हात मागे घेतला. मीच पाणी बदलत राहिले. शिजल्यावर प्रत्येक दाणा उघडला आणि त्यातून पांढरा बारीक दोरा बाहेर आला. ताटात ते बघायला नको वाटलं. आत्यानं त्यावर लसणाची चटणी घेतली, डोळे मिटून घास खाल्ला. "पोटाला बसतंय," म्हणाली आणि अजून मागितलं.

यंदाही मी क्विनोआच पेरलाय. आत्याला आता चढण चढवत नाही. मामांनी मेंढरांची वाट बदलली आहे. मी सकाळी रानात जाते आणि बाराच्या आत, हाकेची वेळ व्हायच्या आधी, परत येते. शाळेत कुणी विचारलं, तर ऊन सोसत नाही म्हणून सांगते.