तिसऱ्या गिअरचं हसू

जुनी गाडी घ्यायला मी जळगावहून धुळ्याला गेलो, तेव्हा पारख करायला एक म्हातारे मेकॅनिक सोबत आले. शेजारी बसून ते भुईमुगाच्या शेंगा फोडायचे आणि साक्री रोडला मला गाडी चालवायला लावायचे. दोन चकचकीत गाड्या त्यांनी नुसती मान हलवून परत पाठवल्या. तिसरीचा रंग उडालेला. कापसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकायला मी तिसरा गिअर टाकला, आणि तिने अशी उसळी घेतली की मी खो-खो हसलो.

"हाईच ल्या, भाऊ!"

"आबा, तुम्ही गाडीकडे पाहिलंच नाही!"

"तिन्ही इंजनं मी सकायमाच देखी लिधात. आते तं तुमनं तोंड देखी राहिंतू."

म्हणजे इंजिनं त्यांनी सकाळीच पाहून ठेवली होती; रस्त्यावर ते फक्त माझं तोंड बघत होते. आबा पुन्हा भेटले नाहीत. पण तिसरा गिअर पडला की अजून सीटखाली शेंगांची टरफलं खुळखुळतात, आणि मी शेजारच्या रिकाम्या सीटला तोंड दाखवतो.