आतेच्या कॉम्प्युटरला मिळालेला डावा कौल

आधीच सांगतो — देवचार, चकवा असल्या गोष्टींची मी जन्मभर टिंगलच केली. घर डिचोलीचं, पणजीत कॉम्प्युटरचं काम करतो. त्यामुळे हे लिहिताना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते...

माझी आते सर्वण गावात एकटी राहते. आतोबा मातीचं घुमट वाजवून आरती म्हणायचे. ते गेले, आणि त्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग उरलं, तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर. रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की ती ते ऐकायची. पण विंडोज सेव्हनवर तिची बँकेची साईट उघडेना. म्हणून गणेशचवथीनंतरच्या एका रविवारी मी नवीन विंडोज टाकायला गेलो.

"देवान डावो कौल दिल्यान रे. थोडे दीस रव," दारातच ती म्हणाली.

आमच्याकडे लग्न असो की विहीर, देवाला पाकळ्या लावून विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर थांबायचं. पण कॉम्प्युटरसाठी कौल? मी खो खो हसलो. "देव आता हार्ड डिस्कपण बघता काय गो?" बिचारीने कॉम्प्युटरवरचं कापड काढून दिलं.

डेस्कटॉपवरचा आरतीचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला, डिस्क फॉरमॅट केली, नवीन विंडोज टाकली. मग पेन ड्राइव्ह उघडला... आत नुसता शॉर्टकट! खरा फोल्डर दुसरीकडे होता आणि तो मीच पुसला होता. शिकाऊ माणूसही अशी चूक करत नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं, काही हाती लागलं नाही.

तेवढ्यात आते दिवा लावून आली, खुर्ची ओढून बसली. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं — आणि घुमट वाजलं. मग आतोबांचं खाकरणं, मग आरती, पार शेवटपर्यंत. कुणी काही क्लिक केलं नव्हतं. ज्याशिवाय आवाजच येत नाही तो साउंडचा ड्रायव्हरसुद्धा मी अजून टाकला नव्हता, स्क्रीनवर स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली तशीच होती.

"बरा केलंस रे पुता, सगळा जपून ठेवलंस," आते डोळे पुसत म्हणाली.

मी नुसती मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मान हलवलीच.

तिची पाठ वळताच सगळी डिस्क धुंडाळली. तसली फाईल कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "पुता, माज्या हातान कायतरी दाबला गेला वाटता. तेंचो आवाज गावणा नाय. तू एवढा जपून दिलंस, आणि मीच घालयलंय... माका माफ कर हां."

त्या संध्याकाळी तो आवाज कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. आतेला द्यायचं खरं उत्तर मात्र होतं. तरी मी म्हणालो, "असू दे गो आते. होता असा कधीकधी."