सव्वादोन तास घेणारी गाडी

मुलीला अकरावीसाठी लातूरला ठेवायचं ठरलं तेव्हा मी तिला शब्द दिला होता. एक जुनी पण पळणारी गाडी घेतो आणि रोज संध्याकाळी तुझ्याकडे येतो. गाडी मी घेतली. चांगली घेतली. अजूनही त्रास देत नाही. तरीही दारात उभी असलेली ती पांढरी गाडी पाहिली की मला तोंड फिरवावंसं वाटतं. असं का, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच माहीत आहे.

आमचं घर नांदेडला. मी मुखेडला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. वीस वर्षं एसटीनं अप-डाऊन केलं. आमच्या भागात पोराला दहावीला नव्वदच्या वर टक्के पडले की पुढे काय, असं कुणी विचारत नाही. लातूरला कुठला क्लास लावला, एवढंच विचारतात. मग घर मधोमध फाडल्यासारखं होतं. आई, पोरगं, कुकर आणि गादी लातूरला. बाप नोकरीच्या गावी. आम्हीही तेच केलं. एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. त्या गल्लीत प्रत्येक दारात अशीच एक आई आणि असंच एक पोरगं होतं.

दहावीपर्यंत मुलगी गणित माझ्याजवळ बसून करायची. गणित संपलं की वही मिटून ती मला काहीबाही सांगायची. कोण मैत्रीण बोलत नाही, कोणत्या सरांची भीती वाटते. आईला तिनं असं कधी सांगितलं नाही. आईनं ऐकलं की लगेच उपाय सुरू व्हायचे. मी फक्त ऐकायचो. त्या घरात माझा तेवढाच उपयोग होता, आणि तो तिला ठाऊक होता.

माझा हिशेब असा होता. मी लातूरला राहायला जायचं आणि तिथून मुखेडला रोज ये-जा करायची. सकाळी वेळेवर पोचवणारी बस नव्हती. संध्याकाळी होती. सव्वातीनला मुखेडहून सुटायची आणि साडेसहाला लातूरला टेकायची. म्हणजे रोजच्यासाठी गाडी हवीच होती. ती माझ्या ऐपतीत बसायला हवी, डिझेल कमी पिणारी आणि दोन तासांच्या आत पोचवणारी हवी. मी कागदावर रकाने पाडले. गाडीचं वय, किती किलोमीटर पळाली, टायर, पिकअप आणि शेवटी लागणारा वेळ. गणिताच्या मास्तरला रकाने पाडले की आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं.

जूनपासून मी गाड्या बघू लागलो. दर शनिवार-रविवार. भोकरच्या एका डॉक्टरांची पाहिली, तिचा एक दरवाजा नंतर रंगवलेला निघाला. हदगावला एका कापूस व्यापाऱ्याची पाहिली, तिच्या सीटखाली गंज होता. एक तेलंगणा पासिंगची होती, कागदपत्रांच्या भानगडीला भिऊन सोडली. नांदेडचा एक दलाल मला दर आठवड्याला फोन करायचा. "सर, मीटर नका बघू, गाडी बघा. इंजन शीलबंद हाय. हिला कुणी हातच लावला न्हाई." मग तो ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाचा आवाज ऐकवायचा. मी बोनटला कान लावून उभा राहायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. आयुष्यभर कंडक्टरनं "पुढं सरका मास्तर" म्हणून ढकललेला मी माणूस. आता लोक माझ्यासाठी दार उघडून धरत होते. हायवेला गाडी पळवून दाखवत होते. मी मान हलवून "पिकअप कमी वाटतो" म्हणत होतो.

सोबत माझा एक ओळखीचा मिस्त्री असायचा. चार-पाच गाड्या झाल्यावर तो वैतागला.

"सर, तुमाला रोज नोकरीला जायचं हाय का शर्यतीत उतरायचं हाय?"

"रोजचं दोनशे किलोमीटर आहे बाबा. अर्धा तास वाचला तरी लई झालं."

"वाचवून करणार काय अर्धा तास?"

"पोरीला देणार," मी म्हणालो. त्यानं पुन्हा बोनट उघडलं. मला ते उत्तर फार आवडलं होतं.

लातूरहून मुलीचा फोन रात्री जेवणाच्या वेळी यायचा. सुरुवातीला ती पहिल्यांदा गाडीचंच विचारायची. मी रंगात येऊन सांगायचो. मग एकदा, गणपतीच्या आसपास, ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला एक सांगायचंय."

"सांग ना."

"फोनवर नको. तुम्ही आल्यावर सांगते."

"गाडी येऊ दे. मग रोजच बोलू."

पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं, कधी येता. मी पुन्हा तेच सांगितलं. मागून बायको ओरडली, "तुझ्या पप्पांची गाडी काय वरातीला सजून राहिलीय का?" आम्ही दोघंही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

सव्वातीनची बस रोज माझ्या कॉलेजसमोरून जात होती. शनिवारी बसलो असतो तर साडेसहाला तिच्यासमोर उभा असतो. मी का बसलो नाही, याची मी त्या वेळी बरीच कारणं दिली. रविवारी अमुक गाडी बघायची आहे, पेपर तपासायचे आहेत, कंबर धरते. ती कारणं खोटी नव्हती. पण त्यांच्या खाली आणखी एक होतं, ते सांगायला लाज वाटते. जूनमध्ये दोघींना सोडायला गेलो तेव्हा रविवार होता. गल्लीत बापांच्या गाड्या ओळीनं लागलेल्या होत्या. कुणी पोराला घेऊन हॉटेलात चालला होता, कुणी डिकीतून गव्हाचं पोतं काढत होता. मी टेम्पोतून गादीवर बसून आलो होतो. पुढच्या वेळी या गल्लीत येईन तर गाडीतून, असं मी तेव्हाच ठरवलं. बसमधून उतरून, घामेजलेला, हातात पिशवी घेऊन त्या गल्लीत शिरायचं माझ्या जिवावर आलं होतं. माझ्या पोरीला त्याची लाज वाटेल असं मी स्वतःला सांगत होतो. तिला काय वाटेल, हे मी तिला विचारलं नव्हतं.

दिवाळीला दोघी नांदेडला आल्या. चारच दिवस. पहिल्या दिवशी मुलगी आपलं 'सांगायचंय' सांगेल असं वाटलं, पण घरात पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी मला एक गाडी बघायला जायचं होतं. "मी पण येते," ती म्हणाली.

गाडी एका निवृत्त मुख्याध्यापकांची होती. चंदेरी रंगाची, जुनी, पण घरातल्या माणसासारखी जपलेली. सीटवर त्यांच्या पत्नीनं शिवलेली कव्हरं होती. मिस्त्रीनं खाली वाकून, वर चढून सगळं तपासलं आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच मान डोलावली. "डोळे झाकून घ्या, सर."

मुलगी मागे बसली आणि मी लातूर रोडला एक फेरी मारली. सगळं ठीक होतं, पण चढाला गाडी दम खायची. ट्रकला मागे टाकताना वेळ घ्यायची. मी मनात वेळेचा हिशेब केला.

"कशी वाटते?" मी आरशातून विचारलं.

"हीच घ्या ना, पप्पा."

"हिला लातूरला पोचायला सव्वादोन तास लागतील, बेटा."

"मग लागू द्या."

"दुसरी मिळेल की पळणारी. अर्धा तास कमी घेणारी."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मुख्याध्यापकांच्या पत्नीनं आम्हाला चिवडा दिला. मी "कळवतो" म्हणालो आणि कळवलं नाही. उरलेले दोन दिवस आणखी दोन गाड्या बघण्यात गेले. तेव्हा ती सोबत आली नाही. लातूरला परतताना बसस्टँडवर तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "महिनाभरात नक्की." ती म्हणाली, "हाव."

त्यानंतर ती फोनवर गाडीचं विचारेनाशी झाली. मला वाटलं, अभ्यासात रमली.

पांढरी डिझेल गाडी मला संक्रांतीनंतर मिळाली. टर्बो इंजिन. पाय ठेवला की उडायची. मी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, स्टाफरूमला पेढे दिले. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर कुणाला न सांगता थेट लातूरचा रस्ता धरला. पावणेदोन तासांत पोचलो. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. खोलीवर बायको म्हणाली, "ती क्लासला गेलीय, सुटेल आता." मी म्हटलं, मीच घेऊन येतो. क्लाससमोर इतर बापांच्या ओळीत गाडी लावली आणि बोनटला टेकून उभा राहिलो.

पोरं बाहेर पडली. शेकड्यांनी. गर्दी ओसरली, फाटकाचा एक दरवाजा लागला. ती आलीच नाही. मी आत ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी नाव शोधलं आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीनंतर ती संध्याकाळच्या बॅचला आलेलीच नाहीये, सर. गैरहजरीचे मेसेज जातात ना पालकांना."

पालकाचा नंबर म्हणून माझाच नंबर होता. मी तिथेच उभा राहून मोबाइल उघडला. मेसेज होते. गाड्या विकणाऱ्यांच्या मेसेजेसमध्ये एकाखाली एक दबून पडलेले. मी एकही उघडला नव्हता.

गाडी घेऊन मी गल्लीत परतलो तेव्हा ती समोरून चालत येत होती. पाठीवर दप्तर, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या चालीनं. गाडी पाहून थबकली. मला पाहून घाबरली नाही. मी सगळं रागानं विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "कुठं होतीस, बेटा?"

"स्टँडवर."

"स्टँडवर? काय करून राहिली तिथं?"

"मुखेडची बस येते साडेसहाला." ती सहज सांगितल्यासारखं म्हणाली. "आधी तुम्ही याल म्हणून जायची. मग सवयच लागली. तिथं कुणी काही विचारत नाही."

माझ्या हातात गाडीची किल्ली होती. ती कुठं ठेवावी हेही मला कळेना.

"तुम्ही बसनं काहून नाही आलात, पप्पा?"

तिनं हे भांडून विचारलं नव्हतं. तिला खरोखर कळून घ्यायचं होतं. गल्लीतले दोन-तीन बाप आमच्याकडे बघत होते. माझ्यापाशी रकाने होते, वेळा होत्या, पिकअप होता. 

मी म्हणालो, "तुला काहीतरी सांगायचं होतं ना? आता सांग. मी आलोय."

तिनं जणू खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाली, "आता काही नाही."

क्लास बंद करून तिला नांदेडला परत न्यायचं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खोली सोडली. बायको वाटेत रडली. आधी मुलीवर चिडली, मग क्लासवर, मग माझ्यावर. मुलगी मागच्या सीटवर गाद्यांच्या गाठोड्याला टेकून बसली होती. त्या दिवशी मी गाडी फार सावकाश चालवली. चंदेरी गाडीनं जेवढा वेळ घेतला असता त्याहून जास्त. मधूनमधून आरशात बघत होतो. वाटलं, रस्ता लांबला तर बोलेल. नांदेड आलं.

पुढचं तसं बरं झालं म्हणायचं. बारावी तिनं नांदेडलाच केली. आता शहराबाहेर लातूर रोडवरच्या एका कॉलेजात बी.एस्सी. करते. मार्क चांगले आहेत. माझ्याशी नीट बोलते. पाणी हवं का, औषध घेतलं का, सगळं विचारते. तिला काय सांगायचं होतं ते मात्र तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. आणि आता मी विचारत नाही. विचारायची वेळ होती तेव्हा मी टायर बघत होतो.

तिचं कॉलेज माझ्या मुखेडच्या वाटेवरच पडतं. मी कितीदा म्हणालो, गाडीतून सोडतो. ती दर वेळी म्हणायची, "बसनं जाते, पप्पा. पास काढलाय." एके दिवशी सकाळी मी किल्ली खुंटीलाच ठेवली आणि तिच्यामागोमाग बसमध्ये चढलो. ती चकित झाली, पण सरकून तिनं मला जागा दिली. खिडकीची. कंडक्टर आला तेव्हा माझ्याआधी तिनंच पर्स उघडली. "माझा पास आहे. पप्पांचं एक मुखेड द्या." मग तिनं कानात इअरफोन घातले. मी तिकीट मुठीत धरून बाहेर बघत बसलो. तिचा थांबा आला. उठताना ती म्हणाली, "परत येताना मी साडेपाचची धरते."

ते बोलावणं होतं की नुसती माहिती, मला कळलं नाही. दिवसभर मी वर्गात तोच विचार करत होतो. साडेपाचला तिच्या थांब्यावर येणाऱ्या परतीच्या बसमध्ये मुखेडलाच लवकर जाऊन बसलो आणि शेजारच्या सीटवर माझी पिशवी ठेवली. लोह्याला गर्दी चढली. एक म्हातारा म्हणाला, "उचला की पिशवी, मास्तर." मी म्हणालो, "पोरगी येऊन राहिलीय." त्यानं मान हलवली आणि दांडा धरून उभा राहिला.

तिच्या थांब्यावर बस थांबली. ती चार मैत्रिणींबरोबर चढली. तिनं मला पाहिलं, पिशवी पाहिली, हसली. मग मैत्रिणीनं ओढलं म्हणून पुढच्या बाजूला गेली आणि तिथेच उभी राहून त्यांच्याशी बोलू लागली. खूप बोलत होती. हात हलवून, मान वेळावून. घरात मी तिला इतकं बोलताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. इंजिनाच्या घरघरीत मला त्यातला एकही शब्द ऐकू येत नव्हता.

तो म्हातारा अजून उभाच होता. मी पिशवी मांडीवर घ्यायला हवी होती. नांदेड येईपर्यंत मला ते जमलं नाही.