अक्काला घाटातून आणलं तो दिवस

माझ्या जिभेला हाड नाही, असं घरात सगळे म्हणायचे. त्या एका दिवशी मात्र मी तोंड मिटून राहिलो, आणि नेमकं तेच चुकलं.

आई गेली तेव्हा आखाजीला आठ दिवस उरले होते. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात लेकींनी माहेरी येण्याचा सण. अग्नी थोरल्या भावाने दिला, आणि अक्काला, आमच्या बहिणीला, आणायचं काम माझ्याकडे आलं. तिचं सासर चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगरावर, निजामाच्या मुलखात. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. निघताना काकूने बजावलं, "तिले वाटमा काही सांगू नको. घाटमा पाय सटकना तं? गावमा उनी का समजी."

पहाटे एकटाच घाट चढलो. ही वाट कोणी पाडली, कोणाला ठाऊक नाही. खडकात पायऱ्या आहेत, आणि मीठ-धान्य वाहणाऱ्या लमाणांच्या बैलांनी त्या मधोमध पार झिजवल्या आहेत. माथ्यावर अशा तीन जुन्या वाटा एकमेकींना छेदतात. इतक्या पायांनी तुडवलेली जागा, पण त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. मी तिथे बसून आईला मोठमोठ्याने हाका मारल्या, हमसून रडलो, नाक पुसलं आणि पुढे निघालो. जरा हलकं वाटलं.

अक्काच्या सासऱ्यांना बाजूला घेऊन बातमी सांगितली. ते खाली मान घालून "न्या" एवढंच म्हणाले. अक्का दारात हसत उभी. "आखाजीले लेवाले उना ना? माय कशी शे?"

"शे बरी," मी म्हणालो.

परतताना ती पुढे, मी मागे. माहेरची वाट, त्यामुळे चैत्राचं ऊनही तिला लागत नव्हतं. झोक्यावरची गाणी म्हणत होती. टेंभुर्णीखाली थांबून तिने पिवळी फळं वेचली. "मायले आवडतस," म्हणत मलाही वेचायला लावली. मी वेचली. "आज मूग गियीसन बसना का रे?" तिने चिडवलं. मला तिचा राग आला, खरंच आला. इतकं कोणी आनंदात असतं का, असा अगदी बेअक्कल राग. घाट उतरलो तेव्हा मनात म्हटलं, चला, पाय तर घसरला नाही.

शिवेवरच्या विहिरीवर एका बाईने तिला मिठी मारून गळा काढला, तेव्हा तिला कळलं.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं. येणारी प्रत्येक बाई अक्काच्या गळ्यात पडायची. अक्का तिला धीर द्यायची, पाणी द्यायची आणि परत चुलीशी जायची.

तेराव्यानंतर मी तिला पोचवायला निघालो. माथ्यावर आल्यावर ती खाली बसली आणि इथेच, म्हणत त्या खडकावर हात ठेवला.

"भाऊ, तू माले आठे का नही सांगं?"

"काकूनी सांगं व्हतं, पाय सटकी म्हनीसन..."

"घरमा रडाले बसनू का बठ्ठा लोक देखतस. आठे कोनीच नव्हतं."

"मग आते रड ना, अक्का. मी तथा जाईसन बसस."

खरोखरच मी पाठ फिरवून लांब जाऊन बसलो. बराच वेळ बसलो. मागून काही ऐकू येईना. शेवटी तीच उठून माझ्याजवळ आली.

"आते रडू नही येत," ती म्हणाली. "चाल, ऊन तापनं."